पुढची चाकं हवेत

फर्दापूर अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आहे. छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर, जळगावहून साठेक. लेणी पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या इथल्या टी-पॉइंटवर थांबतात आणि पुढचं चारेक किलोमीटर अंतर एसटीच्या बसने कापावं लागतं. बहुतेक पर्यटकांना फर्दापूर एवढंच ठाऊक असतं. गाव मात्र शेतकऱ्यांचं आहे. कपाशी आणि मका ही इथली पिकं, आणि त्यांच्यामागे धावणारा ट्रॅक्टर हे इथलं मुख्य यंत्र.

भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चढाला लागला की त्याची पुढची चाकं हलकी पडतात. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी लगेच ऐकत नाही. चालवणाऱ्याच्या हाताला ते आधी कळतं, डोळ्याला नंतर दिसतं. त्यासाठीच ट्रॅक्टरच्या तोंडाशी लोखंडी वजनं अडकवतात. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. साट्यात माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर निघू बघतं. पुढे जास्त भरला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. माल भरणाऱ्याचं कसब या दोहोंच्या मधली जागा साधण्यात असतं.

घाटात किंवा शेतात ट्रॅक्टरने तोंड उचललं तर जिवाशी गाठ. साखळी किंवा दोर मागच्या आसाच्या वर बांधून रुतलेलं ओझं ओढायला गेलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ट्रॅक्टर चालकावर उलथतो. तीच गोष्ट दीड-दोन किलोच्या खेळण्यात मुद्दाम घडवून आणता येते आणि तिथे कुणाचं काही बिघडत नाही. मागच्या दोन चाकांवर उभं राहून गाडी पळवणं, म्हणजे व्हीली. एक जुना रेडिओ कंट्रोल ट्रक या कामासाठी कसा तयार केला, आणि तो करताना काय काय शिकायला मिळालं, ते इथे सांगायचं आहे.

चुकून सापडलेली करामत

ट्रकने पुढची चाकं उचलावीत असं आधी कुणी ठरवलं नव्हतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत डॉज कंपनीचा ए-१०० नावाचा छोटा पिकअप होता. त्याचं नाक चपटं, चालक जवळजवळ पुढच्या चाकांवर बसलेला. ड्रॅग रेससाठी त्यात ४२६ घन इंचांचं, म्हणजे साधारण सात लिटरचं ‘हेमी’ इंजिन बसवायचं ठरलं. ते केबिनच्या मागे बसवलं. गाडी सुटली आणि तिने पुढची चाकं थेट आभाळाकडे उचलली. बांधणाऱ्यांना शर्यतीचा ट्रक हवा होता, प्रेक्षकांनी मात्र ही करामतच डोक्यावर घेतली. ‘लिटल रेड वॅगन’ या नावाने तो गाजला आणि बिल ‘मॅव्हरिक’ गोल्डन यांनी तो वर्षानुवर्षं मैदानोमैदान उभा करून पळवला.

पुढे सेंट लुईसच्या बॉब चँडलर यांनी आपल्या १९७४च्या फोर्ड एफ-२५० पिकअपला मोठमोठी चाकं लावत नेली. हाच ‘बिगफूट’. १९८१ साली त्यांनी तो भंगारातल्या मोटारींवरून चालवला आणि मॉन्स्टर ट्रकचा खेळ जन्माला आला. अवजड अंग, उंच चाकं आणि आखूड बांधा हे त्याचं रूप खेळणी बनवणाऱ्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

त्या काळात रेडिओ कंट्रोल मोटारींत जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचं नाव मोठं होतं. योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून सुरुवात केली, मग लाकडी मॉडेलं आली, मग प्लास्टिकची. १९७६ साली पोर्श ९३४ ही त्यांची पहिली रेडिओ कंट्रोल मोटार बाजारात आली. १९८२ साली ‘वाइल्ड विली’ ही आखूड जीप आली. जरा जोरात सोडली की ती मागच्या पायांवर उभी राहायची. १९८७ साली ‘मिडनाइट पंपकिन’ आणि ‘लंच बॉक्स’ हे जुळे ट्रक आले. सांगाडा एकच, अंग वेगळं. लंच बॉक्स म्हणजे पिवळ्या व्हॅनचं अंग घातलेला मॉन्स्टर ट्रक, मूळ गाडीच्या बाराव्या हिश्श्याचा.

आमच्या घरात आहे तो हा लंच बॉक्स. काका मालवाहू जहाजावर नोकरीला होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी तो पुतण्यांसाठी आणला. काही वर्षं तो अंगणात धावला, नंतर माळ्यावर गेला. खाली काढला तेव्हा टायरला चिरा पडलेल्या होत्या आणि जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या टोकांवर पांढरी भुकटी धरली होती. पण सांगाडा शाबूत होता आणि गिअरचा एकही दात तुटलेला नव्हता.

आधी काय करायचं नाही

जुन्या वस्तूला हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. ती जपायची की वापरायची? फर्दापुरात राहणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

१९२०च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलावलं. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला. ते काम मोलाचं होतं, कितीतरी चित्रं त्यामुळे टिकली. पण रंग पक्का राहावा म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेपासून केलेल्या शेलॅकचा थरही दिला. काळ लोटला तसा तो थर पिवळट, मग तपकिरी पडत गेला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि खालचे रंग त्याच्याआड गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे तोच थर अतिशय सांभाळून उतरवावा लागला. जतनाच्या शास्त्रात आज पहिला नियम हाच मानतात: जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे.

दोन हजार वर्षांची चित्रं कुठे आणि प्लास्टिकचा ट्रक कुठे! पण नियम लहान वस्तूलाही तोच लागू पडतो, कारण १९८७चा सांगाडा आता त्याच वर्षी पुन्हा बनणार नाही. म्हणून ठरवलं की मूळ सांगाड्याला एकही नवं भोक पाडायचं नाही. जे जोडायचं ते असलेल्या स्क्रूच्या जागीच जोडायचं. काढलेला प्रत्येक मूळ भाग डब्यात, चिठ्ठी लावून ठेवायचा. मूळ पिवळं अंगही त्याच डब्याशेजारी गेलं, कारण ते कडक पॉलिस्टायरिनचं आहे आणि छतावर आपटलं की तडकतं. कंपनीने हा ट्रक २००५ साली पुन्हा बाजारात आणला, त्यामुळे त्याचे सुटे भाग अजून मिळतात. करामतीसाठी नव्या उत्पादनातलं अंग वापरलं.

हे बंधन सुरुवातीला जाच वाटतं. प्रत्यक्षात त्याने काम सुधारतं. भोक पाडायची मुभा नसली की माणूस आधी विचार करतो, मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो.

जोर वाढवू नका, वजन हलवा

गाडी उभी राहत नसेल तर पहिलं मनात येतं ते हेच की मोटर मोठी टाकावी. गावात ट्रॅक्टरचं गॅरेज चालवणारे एक वडीलधारे मिस्तरी आहेत. त्यांच्यापुढे ट्रक ठेवला आणि विचारलं, “आबा, मोटर बदलू का?” त्यांनी ट्रक मागून धरून वर-खाली जोखला आणि म्हणाले, “भाऊ, जोर कामून वाढवतो? आधी वजन कुठं हाय ते तर बघ.”

ते बघायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. मागची चाकं काट्यावर ठेवायची, पुढची त्याच उंचीच्या पुस्तकावर. समजा ट्रकचं एकूण वजन १८०० ग्रॅम आहे आणि मागच्या चाकांवर १२०० ग्रॅम येतंय. म्हणजे दोन तृतीयांश भार मागे. पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर १८ सेंटिमीटर असेल, तर गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ६ सेंटिमीटर पुढे आहे. त्याची जमिनीपासूनची उंची १० सेंटिमीटर धरू.

आता सगळा हिशोब या दोन आकड्यांचा. आडवं अंतर भागिले उंची, ६ भागिले १०, म्हणजे ०.६. पुढची चाकं उचलायची तर ट्रकने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट त्वरण गाठलं पाहिजे. आणि तेवढं त्वरण घ्यायला टायरची जमिनीवरची पकडही किमान ०.६ हवी. कोरड्या डांबरावर रबराची पकड ०.८च्या घरात असते, तिथे हे जमतं. सैल मुरुमावर पकड बरीच कमी. तिथे कितीही जोराची मोटर लावा, चाकं जागीच फिरून खडे उडवतील आणि तोंड जमिनीलाच राहील. अंगणात न उभा राहणारा ट्रक रस्त्यावर का उभा राहतो, त्याचं कारण एवढंच.

आता मोटर तीच ठेवून फक्त बॅटरी हलवू. ३०० ग्रॅमचा बॅटरी पॅक ९ सेंटिमीटर मागे नेला, तर गुरुत्वमध्य ३०० गुणिले ९ भागिले १८००, म्हणजे दीड सेंटिमीटर मागे सरकतो. ६चे ४.५ झाले. गुणोत्तर ०.६वरून ०.४५वर आलं. एक रुपया खर्च न करता गाडीची गरज पावपट कमी झाली. घट्ट बसलेल्या मुरुमावरही ती आता तोंड उचलू शकते.

उंचीचं गणित याला जोडूनच आहे. शर्यतीच्या गाडीत वजन जितकं खाली तितकं चांगलं. करामतीच्या गाडीत वजन वर गेलं की फायदा होतो. लंच बॉक्सचं ढब्बू अंग आणि फुगीर टायर शर्यतीत त्याला मागे ओढतात, वळणावर पाडतात. व्हीलीसाठी तेच त्याचं भांडवल आहे.

वर्कबेंचवर

कामाला सुरुवात बेअरिंगपासून केली. जुन्या संचात आस प्लास्टिकच्या बुशमध्ये फिरायचा. धूळ शिरली की बुश घासतात आणि मोटरचा जोर तिथेच खातात. त्यांच्या जागी बाहेरून ११ आणि आतून ५ मिलिमीटरची बॉल बेअरिंगं बसतात, काहीही कापावं लागत नाही. बुश डब्यात गेले.

मोटर ५४० आकाराची, तारेच्या २७ वेढ्यांची. ती बदलली नाही. वेढे कमी असलेली मोटर वेगाने फिरते पण करंटही जास्त ओढते, आणि इथे वेग नको होता, झटका हवा होता. झटका दात्यांतून मिळतो. मोटरच्या टोकावरचा छोटा पिनियन दोन दातांनी लहान केला की चाकाचा वेग थोडा उतरतो, ओढ वाढते. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये जे करतो तेच.

खरी अडचण मागच्या सस्पेन्शनची. या सांगाड्यात मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा आस असा एकच गठ्ठा आहे आणि तो पूर्णच्या पूर्ण हलतो. दोन्ही बाजूंच्या शॉकमध्ये स्प्रिंग आहे, तेल नाही. रेस दिली की चाकं एका दिशेने फिरू पाहतात आणि गिअरबॉक्सचं घर उलट्या दिशेने पिळलं जातं. स्प्रिंग दबते, उसळते, पुन्हा दबते. ट्रक उभा राहण्याऐवजी जागीच टणाटण उड्या मारतो. यावर या ट्रकचे शौकीन जगभर एक उपाय करतात: गिअरबॉक्स आणि सांगाडा यांच्यामध्ये तेलाचा आणखी एक, म्हणजे पाचवा शॉक. तो पिळाला आवर घालतो. चौकटीवरच्या आधीच्याच स्क्रूवर एक अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून बसवली आणि शॉक तिला जोडला. पट्टी वाकवण्याआधी पुठ्ठ्याची कापून पाहिली, हेही आबांनीच सुचवलं.

मग व्हीली बार. उभा राहिलेला ट्रक पाठीवर पडू नये म्हणून मागे निघालेला दांडा आणि त्याच्या टोकाला दोन छोटी चाकं. त्याची उंची मनाला येईल तशी ठरवत नाहीत. गुरुत्वमध्य बरोबर मागच्या आसाच्या डोक्यावर आला की ट्रक तोलात असतो. वरच्या उदाहरणात चाकाची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर धरली तर गुरुत्वमध्य आसापेक्षा साडेचार सेंटिमीटर वर आहे आणि साडेचार सेंटिमीटर पुढे. म्हणजे तोलाचा कोन ४५ अंश. बार ४० अंशांच्या आसपास जमिनीला टेकला पाहिजे. तेवढं ठेवलं की रेस सोडताच तोंड आपसूक खाली येतं. कोन पंचेचाळिशीच्या पुढे गेला तर ट्रक बारवरच बसून राहतो, खाली यायचं नाव घेत नाही. बारची चाकं म्हणून घरात पडलेल्या फिजेट स्पिनरची ६०८ नंबरची बेअरिंगं कामाला आली. दांडा दोन भोकांऐवजी लांब खाचेत बसवला, म्हणजे कोन कमी-जास्त करता येतो.

रेडिओची गोष्ट

निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली, त्याच वर्षी तिचं पेटंटही मिळवलं. रेडिओवर चालणाऱ्या प्रत्येक खेळण्याचं मूळ तिथे आहे.

ऐंशीच्या दशकातले संच २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायचे. त्यात सहा ठरलेल्या जागा होत्या आणि प्रत्येकीला रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. रिमोटमध्ये आणि गाडीत एकाच रंगाचं स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, लागायचं. मैदानात दोघांचा रंग एकच निघाला की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी भरकटायची. म्हणून अँटेनाला रंगीत फीत बांधत. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच आपसात जोडी जुळवतात आणि वाट मोकळी नसेल तर बदलतात. करामतीच्या गाडीसाठी हा बदल चैनीचा नाही. उभ्या ट्रकला पाव सेकंद जरी इशारा मिळाला नाही तरी तो आदळतो.

जुन्या संचातला स्पीड कंट्रोल यांत्रिक होता. सर्व्हो एक पट्टी सरकवायचा, पट्टी रोधकाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर टेकायची आणि उरलेली वीज उष्णता होऊन जायची. टप्पे मोजके, त्यामुळे रेस तोडून-तोडून मिळायची. त्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आला आणि बोटाच्या हलक्या दाबालाही उत्तर मिळू लागलं. निकेल-कॅडमियमचे सहा सेल जाऊन ७.४ व्होल्टचा लिथियम पॉलिमर पॅक आला. नवा पॅक हलका निघाला, म्हणून तो अगदी मागे आणि जरा वर बसवला. या पॅकचे तीन नियम कधी मोडू नयेत. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही. फुगलेला पॅक पुन्हा वापरायचा नाही.

उभा राहिल्यावर

चालवण्यातही शिकण्यासारखं आहे. थांबलेल्या ट्रकला एकदम पूर्ण रेस देण्यापेक्षा त्याला हळू मागे घ्यायचं आणि जात असतानाच पुढे झटका द्यायचा. वेगाची दिशा उलटताना तोंड झर्रकन वर येतं. वर आल्यावर रेस लगेच निम्म्यावर आणायची, कारण उचलायला लागतो तेवढा जोर पेलून धरायला लागत नाही. अंगठ्याला हे कळायला वेळ लागतो, आणि एकदा कळलं की विसरत नाही.

पुढची चाकं हवेत असताना स्टेअरिंग निरुपयोगी असतं. लिटल रेड वॅगनसारख्या मोठ्या गाड्यांत चालक मागच्या डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावून दिशा सांभाळतात. खेळण्यात ती सोय नाही. म्हणून मागचे दोन्ही टायर सारखे फुगीर, रिमला नीट चिकटवलेले आणि बारची दोन्ही चाकं एका रेषेत असावी लागतात. कागदाच्या जाडीचाही फरक ट्रकला कडेला नेतो. जागा निवडताना हमरस्ता टाळावा. जळगावचा रस्ता अहोरात्र वाहता असतो. शाळेचं सिमेंटचं पटांगण, तेही सुट्टीच्या दिवशी, हे योग्य ठिकाण.

उघडता येणारी यंत्रं

हे खेळणं आज नव्याने घ्यायचं तर महाग पडतं. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७० टक्के. २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचा शिक्काही सक्तीचा आहे. देशी उत्पादकांना बळ मिळावं आणि मुलांच्या हातात सुरक्षित वस्तू यावी, हा हेतू चांगलाच आहे. पण नवं महागल्यामुळे माळ्यावर पडलेल्या जुन्या संचांचं मोल वाढलं आहे. ते स्क्रूने जोडलेले आहेत. उघडता येतात, समजून घेता येतात, पुन्हा मिटता येतात.

महाराष्ट्रात असे हात कमी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून साठेक हजार रुपयांत छोटी जीप तयार केली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रा यांच्या नजरेला ती पडली आणि पुढच्याच महिन्यात त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाळूजला १९८५पासून बजाजचा कारखाना आहे. त्याच्या भोवती गिअर, शॉक आणि ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यांचं जाळं उभं राहिलं आणि मराठवाड्यातली कितीतरी मुलं तिथे कामाला लागली. यंत्रावर काम करणारे हात आहेत. ते यंत्र असं का वागतं, हे लहानपणीच उलगडून पाहायची संधी मात्र फार थोड्यांना मिळते.

नववी-दहावीच्या मुलांना बल आणि गुरुत्वाकर्षण शिकवलं जातं. देशभरातल्या हजारो शाळांत अटल टिंकरिंग लॅबही आहेत. आमच्या सोयगाव तालुक्यातल्या शाळांनी विज्ञानाच्या तासाला एक वजनकाटा, एक फूटपट्टी आणि असा एक ट्रक टेबलावर ठेवून पाहावा. मुलांनी आधी कागदावर सांगायचं की बॅटरी किती सरकवली तर तो उभा राहील. मग सरकवायची, पटांगणात न्यायचा आणि पडताळा घ्यायचा. गणित चुकलं तर ट्रक लगेच सांगेल, मास्तरांची गरज पडणार नाही. बरोबर आलं तर ते आयुष्यभर लक्षात राहील, आणि यातलंच कुणी उद्या भरलेली ट्रॉली घेऊन घाट चढताना पुढच्या वजनांकडे आधी बघेल.

या कामासाठी माझा लंच बॉक्स मी कोणत्याही शाळेला द्यायला तयार आहे. अट एकच: मूळ भागांचा डबा सोबत जाईल, आणि मुलांनी जे जोडलं ते वर्षाअखेर त्यांनीच उतरवून ट्रक पुन्हा १९८७सारखा उभा करायचा. म्हणजे पुढच्या वर्गालाही पहिल्या स्क्रूपासून सुरुवात करता येईल.